सम-विषम वर्षांचा न्याय : शांपालिमो दृष्टी पुरस्काराची वाटचाल

पुरस्काराचा इतिहास लिहायचा म्हटला की साल, मानकरी आणि रक्कम यांची यादी देऊन मोकळे व्हावेसे वाटते. नेत्रआरोग्याच्या बाबतीत ते पुरेसे होत नाही. अंधत्वाचे उत्तर तो तो काळ कुठे शोधत होता, हे मानकऱ्यांच्या निवडीतूनच कळते. १९११ साली स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ आल्वार गुलस्ट्रांड यांना नोबेल पुरस्कार मिळाला तो प्रकाशकिरण डोळ्यात कसे वळतात याचे गणित मांडल्याबद्दल. १९६७ साली ग्रानिट, हार्टलाइन आणि वाल्ड यांना आणि १९८१ साली ह्युबेल आणि वीझल यांना तो मिळाला. पहिल्या तिघांनी दृष्टिपटलाचे काम उलगडले होते, नंतरच्या दोघांनी मेंदू दृश्य कसे रचतो ते दाखवले होते. हा सारा ज्ञानाचा सन्मान होता. आपल्याकडे सन्मान झाला तो शल्यविशारदाच्या हाताचा. गावोगाव शिबिरे भरवणारे डॉ. एम. सी. मोदी यांना १९५६ साली पद्मश्री आणि १९६८ साली पद्मभूषण मिळाले. तिरुपतीत एका दिवसात मोतीबिंदूच्या ८३३ शस्त्रक्रिया केल्याबद्दल त्यांचे नाव गिनीज बुकात गेले. दोन्ही तऱ्हेचे मान योग्य जागीच गेले होते. मात्र शोध लावणारा शास्त्रज्ञ आणि असामान्य हाताचा डॉक्टर यांच्यामध्ये एक मोठा प्रदेश मोकळा राहिला होता. लागलेला शोध ज्याला हवा आहे त्याच्या डोळ्यापर्यंत रोज, न चुकता, परवडेल अशा दरात नेण्याची व्यवस्था उभारणाऱ्यांचा हा प्रदेश. पोर्तुगालमधल्या, लिस्बनच्या शांपालिमो प्रतिष्ठानाच्या दृष्टी पुरस्काराने या प्रदेशाला प्रथमच शोधाच्या बरोबरीचा मान दिला. तोच त्याचा खरा ऐतिहासिक वाटा आहे, असे माझे मत आहे आणि या लेखात मी ते पुराव्यानिशी मांडणार आहे.

हा प्रदेश किती मोठा आहे ते आकड्यांतून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दृष्टीविषयी पहिला जागतिक अहवाल काढला. जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यातल्या किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा आजही दूर करता येईल, असे त्यात नोंदवले आहे. भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हेच निघाले. त्याचा वाटा जवळपास दोन तृतीयांश होता. मोतीबिंदूवरचा इलाज नवा नाही. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ सालीच लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले होते. म्हणजे एकविसाव्या शतकात मोतीबिंदूने आंधळा झालेला माणूस अज्ञानाचा बळी नसतो. इलाज आणि तो माणूस यांच्यामधल्या अंतराचा तो बळी असतो.

आंतोनियो दे सोमर शांपालिमो हे पोर्तुगालमधले बडे उद्योगपती. सिमेंट, पोलाद आणि बँका यांच्या जोरावर ते देशातल्या सर्वांत श्रीमंतांत गणले जात. १९७४च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने त्यांचे उद्योग राष्ट्रीयीकृत केले. मग त्यांनी ब्राझीलमध्ये पुन्हा बस्तान बसवले आणि कालांतराने ते मायदेशी परतले. अखेरच्या वर्षांत त्यांची स्वतःची दृष्टी अधू झाली होती. २००४ साली ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी वैद्यकीय संशोधनासाठी सुमारे ५० कोटी युरो ठेवले होते आणि प्रतिष्ठानाच्या अध्यक्षपदी पोर्तुगालच्या माजी आरोग्यमंत्री लियोनोर बेलेझा यांना नेमले होते. बेलेझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञान आणि कर्करोग ही संशोधनाची मुख्य क्षेत्रे निवडली आणि दृष्टीसाठी एक वार्षिक पुरस्कार सुरू केला. त्याची रक्कम १० लाख युरो. एका निर्णयामुळे मात्र तो इतर पुरस्कारांपासून वेगळा पडतो. सम सालांत तो दृष्टीविषयक संशोधनाला द्यायचा आणि विषम सालांत विकसनशील देशांत प्रत्यक्ष अंधत्व टाळण्याच्या आणि दूर करण्याच्या कामाला. दोन्हींची रक्कम सारखी, मान सारखा, परीक्षक मंडळही एकच. मंडळावर दृष्टिविज्ञानातले नामवंत तर होतेच, त्यांच्याबरोबर अमर्त्य सेन यांच्यासारखे सार्वजनिक जीवनातले विचारवंतही होते. एरवी अशा कामाला कुठे 'मानवतावादी' असा वेगळा किताब मिळतो, कुठे मुख्य समारंभाच्या आदल्या संध्याकाळी शाल-श्रीफळ. इथे ते संशोधनाच्या शेजारी, त्याच पंगतीला बसवले गेले.

या बरोबरीचा अर्थ समजायला २०११चे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. त्या वर्षी पुरस्कार मिळाला तो आफ्रिकेतल्या नदीअंधत्वाशी लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाला. वेगाने वाहणाऱ्या नद्यांच्या काठी एक काळी माशी वाढते. ती चावली की माणसाच्या शरीरात एक सूक्ष्म कृमी शिरतो. त्याची लाखो पिल्ले त्वचेत आणि डोळ्यात पसरतात, माणूस खाजेने हैराण होतो आणि शेवटी आंधळा होतो. सुपीक नदीकाठ सोडून गावेच्या गावे निघून जात असत. या रोगावर आयव्हरमेक्टिन हे औषध लागू पडते. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून वेचलेल्या एका जीवाणूपासून ते आले. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळाले. मर्क कंपनीने १९८७ सालीच, लागेल तितके आणि लागेल तितकी वर्षे, हे औषध फुकट देण्याचे जाहीर केले होते. म्हणजे औषध होते आणि किंमत शून्य होती. तरीही लढाई जिंकलेली नव्हती. हे औषध प्रौढ कृमीला मारत नाही, फक्त त्याच्या पिल्लांचा नायनाट करते. प्रौढ कृमी शरीरात दहा-पंधरा वर्षे जगतो. त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येकाला दरवर्षी, दशकभराहून अधिक काळ, गोळी घ्यायला लावावी लागते. तीही रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, मधूनच युद्ध पेटते अशा भागात.

१९९५ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाने तोडगा काढला तो असा. गोळ्या वाटायची जबाबदारी गावाकडेच दिली. कुणी वाटायच्या, कोणत्या महिन्यात, घरोघरी जाऊन की एका जागी बसून, हे गावाने बैठकीत ठरवायचे. गावाने निवडलेल्या माणसाला थोडे प्रशिक्षण, एक वही आणि एक काठी मिळे. डोस वजनावर ठरतो, पण गावात वजनकाटा कुठला? म्हणून उंचीवरून डोस ठरवला. काठीवर चार पट्टे आखलेले. ९० सेंटिमीटरच्या आत उंची असेल त्या मुलाला गोळी नाही, त्यापुढच्या पट्ट्याला एक, मग दोन, मग तीन आणि १५८ सेंटिमीटरच्या वर चार. माणूस काठीला पाठ लावून उभा राहतो, वाटप करणारा पट्टा बघतो, गोळ्या हातावर ठेवतो आणि वहीत खूण करतो. अक्षर जेमतेम येणाऱ्यालाही हे बिनचूक जमते. २०१०च्या सुमारास या पद्धतीने वर्षाला सात कोटींहून अधिक लोकांना औषध मिळत होते. नोबेल समितीने औषधाच्या जनकांना गौरवले ते योग्यच झाले. पण त्याच्या चार वर्षे आधी लिस्बनच्या परीक्षकांनी त्या काठीला, वहीला आणि गावाच्या बैठकीला तेवढाच मोठा मान दिला होता. नोबेलच्या नियमांत काठीला जागा नाही. शांपालिमो पुरस्काराच्या नियमांत ती मुद्दाम केलेली आहे.

पुरस्काराची सुरुवातही याच बाजूने झाली. २००७ साली पहिला मान मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहाला मिळाला. संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे २००६ साली निधन झाले होते. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या या माणसाने सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, ५८व्या वर्षी, १९७६ साली अकरा खाटांचे रुग्णालय काढले. वैयक्तिक सन्मान त्यांना आधीच मिळाले होते, १९७३ची पद्मश्री त्यांतलीच. लिस्बनहून आलेला पुरस्कार मात्र त्यांच्यामागे चालत राहिलेल्या यंत्रणेला होता. अरविंदच्या शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी शेजारी असतात आणि सूक्ष्मदर्शक एकावरून दुसऱ्यावर वळवता येतो. एका रुग्णाचे काम संपते तोवर दुसऱ्याची सगळी तयारी झालेली असते, त्यामुळे डॉक्टरचा एक मिनिटही वाया जात नाही. ही तयारी करणाऱ्या मुली खेड्यांतून निवडलेल्या आणि दोन वर्षे शिकवून तयार केलेल्या असतात. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या फीवर निम्म्याच्या आसपास रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होतात. भिंगाचा प्रश्न आणखी अवघड होता. आयात केलेले एक भिंग शंभर डॉलरच्या घरात जात होते. म्हणून गरिबाचे नैसर्गिक भिंग नुसते काढून टाकले जाई आणि त्याला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा दिला जाई. तो चष्मा फुटला की पुन्हा अंधार. १९९२ साली सुरू झालेल्या, अरविंदच्याच ऑरोलॅब या कारखान्याने भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आसपास आणली आणि पुढे ती त्याहूनही उतरली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प चालला. त्यात शिबिरातल्या जुन्या शस्त्रक्रियेकडून रुग्णालयातल्या भिंगारोपणाकडे मोठे वळण आले. भिंग स्वस्त झाले नसते तर ते वळण सरकारी खर्चात बसले नसते.

अरविंदबद्दल लिहिताना स्वस्ताई आणि संख्या यांचेच कौतुक होते. मला त्यांचा प्रामाणिकपणा अधिक मोलाचा वाटतो. मदुराईच्या परिसरात शिबिरांचे जाळे घट्ट विणलेले असताना खेड्यांतल्या गरजू माणसांपैकी शिबिरापर्यंत किती येतात, याचा अभ्यास झाला आणि १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. उत्तर निघाले सात टक्क्यांच्या आत. ज्या शिबिरांनी संस्थेला कीर्ती दिली त्यांचीच मर्यादा त्यात उघडी पडली होती. पुढे खेड्यांजवळ कायमची दृष्टिकेंद्रे निघाली, तिथला तंत्रज्ञ डोळा तपासतो आणि मदुराईतला डॉक्टर पडद्यावर तो पाहून सल्ला देतो. पुरस्कार संस्थेला द्यावा की व्यक्तीला, या जुन्या वादाचे उत्तर मला इथे सापडते. आपल्या कामातली उणीव मोजून ती भरून काढण्याची सवय एका माणसाच्या चांगुलपणावर टिकत नाही. ती संस्थेच्या रचनेत मुरावी लागते. म्हणून असा सन्मान संस्थेलाच शोभतो.

२००९ची मानकरी हेलन केलर इंटरनॅशनल ही संस्था १९१५ची, पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघालेली. तिच्या कामामुळे पुरस्काराची मर्यादा डोळ्यापलीकडे गेली, म्हणून ही निवड मला विशेष वाटते. १९७०च्या दशकात इंडोनेशियात ही संस्था आणि डॉ. आल्फ्रेड सोमर मिळून मुलांच्या रातांधळेपणाचा अभ्यास करत होते. कारण ठाऊक होते, 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता. माहिती तपासताना सोमर यांच्या लक्षात आले की रातांधळेपणा किंवा डोळ्यावर पांढरे डाग असलेली मुले इतरांपेक्षा जास्त संख्येने मरत होती, डोळ्याच्या आजाराने नव्हे, तर गोवर आणि हगवणीने. सुमात्रातल्या आचे भागात प्रत्यक्ष चाचणी झाली आणि १९८६ साली निष्कर्ष आला : वर्षाला दोनदा हे जीवनसत्त्व दिलेल्या मुलांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. वैद्यकविश्वाचा त्यावर विश्वास बसेना. मग ठिकठिकाणी चाचण्या झाल्या. अरविंदशी संबंधित संशोधकांनी तमिळनाडूत केलेल्या चाचणीत मृत्यूंतली घट ५४ टक्के आली, हैदराबादच्या चाचणीत फारसा फरक दिसला नाही, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांच्या प्रचंड पाहणीत घट अवघी चार टक्के निघाली. जिथे कमतरता आणि गोवर दोन्ही बेसुमार होते तिथे परिणाम मोठा, आणि लसीकरण आणि आहार सुधारला तिथे लहान, असा याचा अर्थ मी लावतो. सोमर यांना या शोधासाठी १९९७चा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि तो शोध आफ्रिका-आशियातल्या मुलांच्या तोंडापर्यंत गेला तो सहा महिन्यांच्या बाळाला निळी आणि वर्षावरच्या मुलाला लाल कॅप्सूल, तिचे टोक कात्रीने कापून आतले थेंब जिभेवर पिळायचे, इतक्या साध्या कृतीतून. आपल्याकडे हेच औषध पातळ रूपात चमच्याने पाजतात. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत तो चमचा भरणाऱ्या सेविकेचे काम आणि लिस्बनचा पुरस्कार यांचे नाते असे सरळ आहे.

२०१३ साली नेपाळमधल्या चार संस्थांना मिळून पुरस्कार मिळाला : नेपाळ नेत्रज्योती संघ, पूर्वांचल नेत्रसेवा कार्यक्रम, लुंबिनी नेत्रसंस्था आणि काठमांडूचे तिलगंगा. १९८१च्या पाहणीत नेपाळमध्ये अंधत्वाचे प्रमाण ०.८४ टक्के होते, २०१०च्या पाहणीत ते ०.३५ टक्क्यांवर आले होते. या काळात देशाने राजकीय उलथापालथ आणि दहा वर्षांचे यादवी युद्ध पाहिले. तिलगंगाचे डॉ. संदुक रुइत यांना २००६ सालीच मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता आणि जगाला नेपाळच्या नेत्रसेवेतले तेवढे एकच नाव ठाऊक होते. चौघांना एकत्र मान देण्याने मात्र खरे चित्र पुढे आले. लहान आणि भैरहवा या गावांतल्या रुग्णालयांत आपल्या बिहार-उत्तर प्रदेशातून सीमा ओलांडून हजारो रुग्ण जातात आणि त्यांच्या फीमधून नेपाळी गरिबांचा खर्च निघतो, ही व्यवस्था एकट्या कुणाच्या कर्तबगारीने उभी राहण्यासारखी नाही. दोन वर्षांनी टांझानियाच्या मोशी शहरातले किलिमांजारो केंद्र आणि सेवा फाउंडेशनच्या अमेरिका आणि कॅनडातल्या शाखा यांचा गौरव झाला. हे केंद्र आकाराने लहान होते. त्यांनी पुढे आणलेली गोष्ट मात्र मोठी होती : त्या काळच्या अंदाजानुसार जगातल्या अंधांत सुमारे दोन तृतीयांश बायका होत्या, आणि शस्त्रक्रिया मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा त्या मानाने कमी होता. आजीला दिसेनासे झाले तरी चूल आणि नातवंडे ती चाचपडत सांभाळते, म्हणून घरच्यांना घाई वाटत नाही. बरोबर जायला माणूस नाही, गाडीभाड्याचे पैसे तिच्या हातात नाहीत. तपासणी जिथे झाली तिथूनच त्याच दिवशी गाडीने रुग्णालयात नेणे आणि शस्त्रक्रियेनंतर परत आणून सोडणे, हा त्यावरचा इलाज सांगायला सोपा आहे, पण त्याची गरज मोजून सिद्ध करायला अनेक वर्षांचे संशोधन लागले. २०१७ साली साइटसेव्हर्स आणि सीबीएम या जुन्या संस्था आल्या. खुपऱ्यांचा रोग नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी २९ देशांत २६ लाख माणसांचे डोळे तपासणारा जागतिक नकाशा प्रकल्प साइटसेव्हर्सच्या पुढाकाराने पार पडला होता. २०१९ साली ब्राझीलमधल्या एका नेत्रसंस्थेची निवड झाली.

सम सालांविषयी इथे मी थोडक्यातच लिहितो आहे, कारण त्यांचा गौरव इतरत्रही होतो. त्यांतही एक धागा मात्र सोडता येत नाही. २०१४ साली पुरस्कार मिळाला तो दृष्टिपटलामागे वाढणाऱ्या नको त्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधांच्या संशोधनाला. वार्धक्यात आणि मधुमेहात जाणारी नजर त्यांनी वाचवली. त्याच औषधकुळातले, मुळात कर्करोगासाठी बनलेले आणि कित्येक पटींनी स्वस्त असे एक औषध डोळ्यात तितकेच गुणकारी आहे, हे अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या चाचणीने २०११ साली दाखवून दिले होते. २०१८ साली जन्मजात अंधत्वाच्या एका प्रकारावरच्या जनुकोपचाराला मान मिळाला. त्या उपचाराची अमेरिकेतली जाहीर किंमत दोन डोळ्यांना मिळून साडेआठ लाख डॉलर होती. हे संशोधन थोर आहे याबद्दल मला शंका नाही. पण सम सालांतल्या शोधाला विषम सालांतल्या वाटपाची किती गरज असते, ते या दोन उदाहरणांइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

या पुरस्कारावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की १० लाख युरो समारंभात देण्यापेक्षा थेट शस्त्रक्रियांवर खर्च केले असते तर हजारो माणसांना दिसू लागले असते. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. एकट्या अरविंद समूहात वर्षाला लाखो शस्त्रक्रिया होतात. त्या प्रवाहात ही रक्कम म्हणजे काही आठवड्यांचे काम. उलट, पद्धतीला जगापुढे ठेवल्याने ती दुसऱ्या देशात उचलली गेली तर होणारा फायदा रकमेच्या कित्येक पट आहे. अरविंदने १९९२ साली उघडलेल्या प्रशिक्षण संस्थेत आफ्रिका आणि आशियातल्या शेकडो रुग्णालयांचे व्यवस्थापक शिकून गेले आहेत. अशा शिकण्याला जगाची मान्यता लागते आणि मोठा पुरस्कार ती देतो. दुसरा आक्षेप : आधीच नावाजलेल्यांनाच हा मिळतो. अरविंदला पुढे २००८ साली गेट्स पुरस्कार आणि २०१० साली हिल्टन पुरस्कारही मिळाला. म्हणजे मोठ्याच्याच दारी गर्दी. हे मी बरेचसे मान्य करतो. पण मोशीचे लहान केंद्र आणि नेपाळच्या एकत्रित निवडीने परीक्षकांनी दुसरी वाटही धरून पाहिली आहे, आणि तीच अधिक वेळा धरली जावी.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाला, त्यातही गोव्याच्या वाचकाला, अधिक टोचेल. शांपालिमो यांची संपत्ती वाढली ती पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत, त्या राजवटीच्या छत्रछायेखाली, वसाहतींतल्या सिमेंट कारखान्यांसह. त्याच राजवटीने १९६१पर्यंत गोव्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांना तुरुंगात डांबले होते. लिस्बनमध्ये तागूस नदीच्या मुखाशी, जिथून वास्को द गामाची गलबते निघाली त्या बेलेंच्या परिसरात, २०१० साली प्रतिष्ठानाची वास्तू उभी राहिली. तिचे वास्तुशिल्पी होते मुंबईचे चार्ल्स कोरिया, मूळ गोव्याच्या घराण्यातले, पणजीची कला अकादमी ज्यांनी घडवली तेच. या योगायोगाने जुना हिशेब फिटतो असे मी म्हणणार नाही, आणि पुरस्काराने पैशाचा उगम शुद्ध होतो असेही नाही. विश्वस्तांना विचारता येण्यासारखा प्रश्न एवढाच आहे की हाती आलेल्या पैशाचा निवाडा त्यांनी कुणाच्या बाजूने केला. २०११च्या मानकरी कार्यक्रमात सामील झालेल्या एकोणीस देशांत अंगोला आणि मोझांबिक या पोर्तुगालच्या जुन्या वसाहतीही होत्या. या प्रश्नापुरते तरी उत्तर विश्वस्तांच्या बाजूने जाते.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे आणि तो यादीत काय नाही याविषयी आहे. २०१९पर्यंतच्या सात विषम सालांत चष्म्याच्या कामाला स्वतंत्र मान मिळालेला दिसत नाही. दृष्टिदोषाचा फार मोठा हिस्सा केवळ चष्मा नसल्यामुळे आहे. चाळिशी लागलेली शिंपीण सुईत दोरा ओवू शकत नाही, तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडा दिसत नाही, आणि दोघींचे उत्पन्न घटते. आसामच्या चहाच्या मळ्यांत पत्ती खुडणाऱ्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन केलेल्या चाचणीत, चष्मा मिळालेल्यांची खुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने चष्मा हा आरोग्याइतकाच रोजगाराचाही प्रश्न ठरतो. दुसरी गैरहजेरी सरकारी यंत्रणेची आहे. भारताने १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि २००६-०७ साली एक टक्का असलेले अंधत्वाचे प्रमाण २०१५-१९च्या पाहणीत ०.३६ टक्क्यांवर आले. यात स्वयंसेवी संस्थांचा वाटा मोठा आहे. पण ग्रामीण रुग्णालयात बसून रोज डोळे तपासणारा, शाळांमधून मुलांची नजर मोजणारा, मोतीबिंदूच्या रुग्णांची यादी करून जिल्हा रुग्णालयात पाठवणारा नेत्रचिकित्सा अधिकारी हाही त्या घटीचा कर्ता आहे. त्याच्या यंत्रणेला एखाद्या विषम सालात लिस्बनचे बोलावणे यायला काहीच हरकत नाही. आफ्रिकेतला कार्यक्रम हा सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या भागीदारीचाच होता, म्हणजे पायंडा पडलेला आहे.

निवडीला आता एक मापही उपलब्ध आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेने २०३०पर्यंतची दोन उद्दिष्टे मान्य केली : मोतीबिंदूच्या परिणामकारक शस्त्रक्रियांची व्याप्ती ३० टक्केबिंदूंनी आणि चष्म्याची परिणामकारक व्याप्ती ४० टक्केबिंदूंनी वाढवायची. यातला 'परिणामकारक' हा निकष कठोर आहे. शस्त्रक्रिया झाली एवढ्याने ती हिशेबात धरली जात नाही. त्यानंतर रुग्णाला खरोखर नीट दिसू लागले तरच धरली जाते. एका दिवसातल्या ८३३ शस्त्रक्रियांची नोंद करणाऱ्या काळापासून आपण इथवर आलो आहोत. शांपालिमो पुरस्काराच्या परीक्षकांनी यापुढच्या विषम सालांत आकार आणि कीर्ती बाजूला ठेवून, एखाद्या जिल्ह्यात हे माप कुणी किती वर चढवले आणि त्यात बायकांचा वाटा किती होता, हे विचारून निवड करावी.